शिकाऊ हाताचे एक वर्ष

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात कारागीर घडवण्याचे वर्ष ऑगस्टमध्ये सुरू होते. दहावीचा निकाल लागला की राज्याच्या व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाची केंद्रीय ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया चालू होते. एकामागून एक फेऱ्या होतात आणि भर पावसाळ्यात औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या, म्हणजे आयटीआयच्या, तुकड्या भरतात. या पट्ट्यात मोरवाडीची आयटीआय महापालिका स्वतः चालवते. कासारवाडीत मुलींसाठी महापालिकेचीच वेगळी संस्था आहे. चाकणच्या बाजूच्या गावांतली मुले राजगुरुनगरच्या शासकीय आयटीआयकडे वळतात, तर सांगवी-दापोडीकडच्यांना नदीपलीकडची औंधची आयटीआय जवळ पडते. राज्यातल्या बहुतेक शासकीय आयटीआय संचालनालयाच्या असताना एका महापालिकेने पाणी, रस्ते, शाळा, दवाखाने यांच्या जोडीला फिटर आणि वेल्डर घडवण्याची जबाबदारीही अंगावर घ्यावी, यातून या शहराचा स्वभाव कळतो.

हे शहरच कारखान्यांमुळे झाले. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स पिंपरीत १९५४ साली आली. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजी झाली आणि भोसरी, चिंचवड, आकुर्डीच्या माळांवर भूखंड पडू लागले. नगरपालिका १९७० मध्ये आली, महानगरपालिका १९८२ मध्ये. म्हणजे आधी शेड, मग कामगार, मग वसाहती आणि सर्वांत शेवटी नागरी कारभार, असा इथला क्रम आहे. देशपातळीवरची व्यवस्थाही याच सुमारास आकाराला येत होती. कारागीर प्रशिक्षण योजना १९५० मध्ये सुरू झाली आणि तिच्यातून आयटीआय उभ्या राहिल्या. शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ मध्ये झाला व पुढल्या वर्षी लागू झाला. आजही या पट्ट्यातले तांत्रिक शिक्षण मुख्यतः याच दोन खांबांवर उभे आहे. एक वा दोन वर्षे संस्थेत, आणि नंतरचे वर्ष कारखान्यात.

खाजगी उद्योगाने या कामात किती मन घालावे, याचा पिंपरीतला जुना आणि अजूनही न विसरावा असा दाखला टेल्कोचा आहे. आज टाटा मोटर्स म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या कंपनीने १९६० च्या दशकाच्या मध्यावर पिंपरीत काम सुरू केले. कंपनीची धुरा सांभाळणाऱ्या सुमंत मुळगावकर यांच्या आखणीनुसार इथे पहिल्यांदा यंत्रे बनवण्याची, प्रेस टूल बनवण्याची आणि ती हाताळणारी माणसे घडवण्याची सोय झाली. पुण्याच्या कारखान्यातून पहिले व्यापारी वाहन बाहेर पडायला १९७७ साल उजाडले. गाडी विकून पैसा येण्याच्या कितीतरी आधी प्रशिक्षण विभागावर खर्च करणे हा धीराचा निर्णय होता. तिथे शिकलेली मुले पुढे टूलरूमचे प्रमुख झाली, अनेकांनी भोसरीत आणि तळवड्यात स्वतःची वर्कशॉप टाकली. आजच्या लघुउद्योगांची वंशावळ काढू गेल्यास तिची एक मोठी शाखा या प्रशिक्षण विभागापाशी येऊन थांबते.

आयटीआयच्या वर्षात नेमके काय घडते, हे फिटर व्यवसायाच्या आधाराने सांगणे सोयीचे. हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे आणि एका तुकडीत साधारण वीस मुले असतात. पहिले दिवस सुरक्षेचे. बूट, गॉगल, आगीच्या प्रकारानुसार अग्निशामक, प्रथमोपचार, जागच्या जागी हत्यारे ठेवण्याची शिस्त. मुलांना हे दिवस कंटाळवाणे वाटतात आणि काही संस्थांत ते उरकलेही जातात. पण या पट्ट्यात पॉवर प्रेसवर बोटे गमावलेली माणसे भेटतात. दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्याशिवाय प्रेस खाली येऊ नये, ही व्यवस्था कशासाठी आहे आणि उत्पादन वाढवण्यासाठी ती कुणी बंद करून दिली तर काय करायचे, हे सोळा वर्षांच्या मुलाला याच दिवसांत कळायला हवे. पुढे ते शिकवायला कुणाला सवड नसते.

मग कानस. माइल्ड स्टीलचा तुकडा व्हाइसमध्ये आवळायचा आणि त्याचा एक पृष्ठभाग सपाट करायचा, एवढेच काम; पण ते आठवडेच्या आठवडे चालते. उभे कसे राहायचे, पाय किती अंतरावर ठेवायचे, पुढे ढकलताना दोन्ही हातांवरचा दाब कसा बदलत न्यायचा, मागे घेताना कानस का उचलायची, हे शिल्पनिदेशक करून दाखवतात. पुस्तकात ते चार ओळींत संपते. नवख्याचा पृष्ठभाग हमखास मध्यभागी फुगीर येतो, कारण कानस पुढे जाताना हात झोके घेतो. ट्रायस्क्वेअर लावून तुकडा उजेडासमोर धरला की कडेखालून प्रकाशाची चीर दिसते. ती चीर एकसारखी बारीक होऊन नाहीशी होईपर्यंत काम चालते. त्यासोबतच मार्किंग, पंचिंग, हॅकसॉने कापणे, छिन्नी, ड्रिल, टॅप आणि डाय येतात. सुरुवातीला अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे चालते. व्हर्निअर कॅलिपर ०.०२ मिलिमीटर दाखवतो, मायक्रोमीटर ०.०१ मिलिमीटर. वर्षभरात मुलाचे मोजमाप पट्टीवरून या हत्यारांवर येते आणि फिटिंगच्या जॉबमध्ये अपेक्षित अचूकता ०.०४ मिलिमीटरपर्यंत उतरते. दोन तुकडे एकमेकांत बसवायचे, आधी पायरीच्या आकाराचे, मग टी, मग तिरकस बाजूंचे डव्हटेल. ते हाताने सरकले पाहिजेत, पण हलता कामा नये.

सगळे काम सीएनसी यंत्रे करतात, तर एवढी कानस कशाला, असा प्रश्न पालक विचारतात आणि काही कारखानदारही. त्याचे उत्तर भोसरीच्या कुठल्याही जॉबवर्कच्या शेडमध्ये मिळते. व्हीएमसीवर, म्हणजे उभ्या मशिनिंग सेंटरवर, जॉब लावणारा ऑपरेटर बटण दाबू शकतो, पण जॉब नीट बसला की नाही, टूल झिजले की नाही, कटाचा आवाज बदलला तो कशाने, हे ज्याच्या हाताला धातू माहीत आहे त्यालाच कळते. ऑपरेटर आणि सेटर यांच्या पगारातला फरक याच जाणिवेचा असतो. कानस हे त्या जाणिवेचे पहिले आणि सर्वांत स्वस्त साधन आहे. पहिल्या वर्षातून ती वगळण्याची सूचना अधूनमधून होते. ती मान्य करणे चुकीचे ठरेल.

दुसऱ्या वर्षात हायड्रॉलिक्स, न्यूमॅटिक्स, यंत्रांची देखभाल आणि जुळणी येते. कार्यशाळा गणित व विज्ञान, अभियांत्रिकी चित्रकला आणि रोजगार कौशल्ये हे विषय सोबत चालतात. २०१३ पासून काही वर्षे सेमिस्टर पद्धत होती. २०१८ पासून पुन्हा वार्षिक पद्धत आली. हा बदल योग्य दिशेचा होता. हाताचे काम सहा महिन्यांच्या तुकड्यांत मोजता येत नाही आणि परीक्षांच्या तयारीत कार्यशाळेचे तास बुडत होते. २०२२ च्या सुधारित अभ्यासक्रमात वर्षाचे प्रशिक्षण १,२०० तासांवर आणले गेले आणि त्याशिवाय १५० तासांचे प्रत्यक्ष कारखान्यातले काम किंवा गटप्रकल्प सक्तीचा झाला. पिंपरी-चिंचवडसारख्या ठिकाणी या १५० तासांसाठी कारखाना शोधायला लांब जावे लागत नाही. तरीही अनेक तुकड्या गटप्रकल्पावर भागवतात, कारण वीस मुलांना सुरक्षितपणे शॉपफ्लोअरवर उभे करायला कारखान्याचा एक अनुभवी माणूस मोकळा ठेवावा लागतो. तेवढी तयारी थोड्यांचीच असते.

वर्षाच्या शेवटी अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा होते. लेखी भाग संगणकावर, प्रात्यक्षिक कार्यशाळेत. उत्तीर्ण होणाऱ्यास राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते, आणि २०२२ पासून आयटीआयमध्ये पदवीदानासारखा दीक्षान्त समारंभही होतो. आयटीआयकडे वळणे म्हणजे शिक्षणात मागे पडणे, हा समज ज्या घरांत घट्ट आहे, त्यांच्यासाठी या समारंभाचे मोल मोठे आहे. बापाने मुलाला व्यासपीठावर प्रमाणपत्र घेताना पाहावे, ही गोष्ट छोटी नाही.

यानंतर येते ते शिकाऊ उमेदवारीचे वर्ष, आणि पट्ट्यातल्या शिक्षणाचा खरा कस तिथे लागतो. तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. कायद्याच्या दृष्टीने शिकाऊ उमेदवार हा कामगार नसून प्रशिक्षणार्थी असतो. त्याला विद्यावेतन मिळते. परवानगीशिवाय त्याच्याकडून ओव्हरटाइम करून घेता येत नाही आणि इजा झाल्यास भरपाईचा हक्क त्याला असतो. २०१९ च्या नियमांनुसार किमान विद्यावेतन शिक्षणाप्रमाणे महिना ५,००० ते ९,००० रुपये ठरले. आयटीआय उत्तीर्णासाठी ७,०००. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना २०१६ मध्ये आली. तिच्यातून विद्यावेतनाचा पंचवीस टक्के, कमाल १,५०० रुपयांपर्यंतचा वाटा केंद्र सरकार उचलते. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने विद्यावेतनात ३६ टक्के वाढीची शिफारस केली. ती फार आधी व्हायला हवी होती. मराठवाड्यातून किंवा विदर्भातून आलेला मुलगा नाणेकरवाडीत, खराबवाडीत कॉट बेसिसवर राहतो, मेसचा डबा लावतो. सात हजारांत त्याचा महिना कसाबसा निघतो आणि घरी पाठवायला काही उरत नाही. अशा वेळी कंत्राटदार दोन-चार हजार जास्त देऊन त्याला पॅकिंगच्या किंवा लोडिंगच्या कामावर ओढतो आणि दोन वर्षांचे फिटिंग तिथेच संपते.

या वर्षाचा चांगला उपयोग कसा करता येतो, ते चाकणने दाखवले आहे. फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना ३१ मार्च २००९ रोजी सुरू झाला आणि पुढे कंपनीने आपल्या अकादमीत मेकॅट्रॉनिक्सचे शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण चालू केले. जर्मनीत रुळलेली दुहेरी पद्धत तिथे वापरली जाते. काही दिवस वर्ग आणि प्रशिक्षण कार्यशाळा, काही दिवस प्रत्यक्ष उत्पादन विभाग, आणि हे चक्र कित्येक महिने चालू राहते. यांत्रिक जुळणी, वीज, न्यूमॅटिक्स, पीएलसी आणि रोबोट हे सगळे एकाच मुलाच्या हातून जाते. बंद पडलेल्या असेंब्ली लाइनपाशी उभे राहून बिघाड यंत्राचा, तारेचा की प्रोग्रॅमचा, हे त्याला स्वतः ठरवता येते. या पद्धतीचे खरे बळ प्रशिक्षकात आहे. त्याचे काम शिकवणे हेच असते, उत्पादनाचे टार्गेट त्याच्या डोक्यावर नसते. भारतीय व्यवस्थेनेही दुहेरी प्रशिक्षण पद्धत आयटीआयसाठी स्वीकारली आहे, पण शॉपफ्लोअरवर असा मोकळा प्रशिक्षक ठेवण्याचा खर्च करायला फार थोडे उद्योग तयार असतात.

वाईट उपयोगही याच पट्ट्यात झाला. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१३ मध्ये नीम नावाची योजना आणली. कंपन्यांनी मध्यस्थ संस्थांमार्फत प्रशिक्षणार्थी घ्यावेत आणि शिकता शिकता त्यांना विद्यावेतन द्यावे, अशी कल्पना होती. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी या मुलांनी तिन्ही पाळ्यांत लाइनवरचे नेहमीचेच काम केले. एकच स्क्रू घट्ट करत वर्ष गेले आणि हाती आलेल्या कागदाला बाजारात किंमत नव्हती. कामगार संघटनांनी त्यावर सातत्याने आवाज उठवला आणि ती योजना पुढे गुंडाळण्यात आली. पण ती गेली म्हणून सवय गेली असे नाही. प्रशिक्षणार्थी म्हणून घेतलेल्या मुलाला वर्षभरात किती विभागांत फिरवले, कोणती यंत्रे त्याच्या हाती दिली, त्याची नोंदवही कुणी तपासली, एवढे तीन प्रश्न विचारले की शिकाऊ उमेदवारी आणि स्वस्त मजुरी यांतला फरक लगेच समोर येतो.

मुलींच्या बाबतीत मात्र या पट्ट्याने पल्ला गाठला आहे. १९७४ मध्ये टेल्कोच्या जाहिरातीत महिला उमेदवारांनी अर्ज करू नये असे छापले होते. सुधा कुलकर्णी या अभियांत्रिकीच्या तरुण विद्यार्थिनीने त्यावर जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला, पिंपरीत तिची मुलाखत झाली आणि ती टेल्कोच्या शॉपफ्लोअरवरची पहिली महिला अभियंता ठरली. पुढे त्या सुधा मूर्ती म्हणून देशाला माहीत झाल्या. २०२२ मध्ये त्याच कंपनीच्या पुण्यातल्या कारखान्यात हॅरिअर आणि सफारी या गाड्यांची जुळणी करणारी, दीड हजार महिलांची स्वतंत्र लाइन चालू झाली होती. आकुर्डीत बजाजच्या विजेवरच्या चेतकच्या जुळणीतही महिलांचे हात मोठ्या संख्येने आहेत. आयटीआयमध्ये मुलींसाठी राखीव जागा आहेत, आणि शिवणकाम व ब्यूटी पार्लरच्या पलीकडे जाऊन मुली इलेक्ट्रिशियन, मशिनिस्ट, इलेक्ट्रिक वाहन मेकॅनिक या व्यवसायांकडे वळत आहेत. तरी दुसऱ्या पाळीनंतर रात्री साडेअकराला महाळुंगे किंवा निघोज्याहून घरी पोहोचवणारी बस असेल, तरच घरचे मुलीला पाठवतात. कंपनीची बस हा मुलींच्या तांत्रिक शिक्षणाचाच एक भाग समजला पाहिजे.

विशेष मुलांचे शिक्षण सहसा या चर्चेबाहेर राहते. त्याचा विभाग वेगळा, त्याची शाळा वेगळी आणि त्याचे वर्षही वेगळे मोजले जाते. पुण्यात १९६४ मध्ये सुरू झालेल्या, बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या कामायनी संस्थेची शाखा निगडीत आहे. मोरवाडीत महापालिकेने दिव्यांग भवन उभे केले आहे. विशेष शाळेत प्रत्येक मुलाचा वैयक्तिक आराखडा असतो. देशात सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या मद्रास विकासात्मक कार्यक्रम पद्धतीत १८ क्षेत्रे आणि प्रत्येकात २० कौशल्ये, अशी ३६० कौशल्यांची यादी आहे. जेवणे, कपडे घालणे, अंक, पैसा, वेळ, घरकाम, व्यवसायपूर्व कामे, सगळे तिच्यात येते. वर्षारंभी कोणते जमते आणि कोणते नाही याची नोंद होते, त्यातून मोजकी उद्दिष्टे ठरतात आणि दर तिमाहीला ती पुन्हा तपासली जातात. एखाद्या मुलाचे वर्षभरातले यश म्हणजे एकट्याने बसने येणे, किंवा दहापर्यंत वस्तू न चुकता मोजणे.

वयाच्या अठरानंतर शाळा संपते आणि कार्यशाळा सुरू होते. तिथली शिकवण्याची रीत पाहिली की टूलरूमची आठवण होते. काम लहान लहान पायऱ्यांत तोडले जाते आणि एकेक पायरी पक्की झाल्यावरच पुढची दिली जाते. पुष्कळदा शेवटची पायरी आधी शिकवतात, म्हणजे काम पूर्ण झाल्याचा आनंद मुलाला पहिल्याच दिवशी मिळतो. पिशवीत दहा नट भरायचे असतील आणि मोजणी चुकत असेल, तर दहा खोबण्यांची लाकडी पट्टी करतात. सगळ्या खोबण्या भरल्या की मोजणी आपोआप बरोबर येते. कारखान्यात जॉब चुकीचा बसूच नये म्हणून फिक्स्चर करतात, त्यामागचा विचार हाच. चाकण-भोसरीत असे शेकडो फिक्स्चर डिझायनर आहेत. त्यांच्यातल्या थोड्यांनी महिन्यातले काही तास एखाद्या कार्यशाळेला दिले, तर किती मुलांच्या हाताला काम मिळेल!

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये झाला. त्याने २१ प्रकारच्या अक्षमता मान्य केल्या, शासकीय नोकऱ्यांत चार टक्के जागा ठेवल्या आणि व्यावसायिक प्रशिक्षणाच्या मुख्य प्रवाहातील योजनांत दिव्यांगांना सामावून घेण्याचे बंधन सरकारवर टाकले. आयटीआयमध्ये यासाठी करायच्या गोष्टी फार खर्चिक नाहीत. कर्णबधिर मुलगा वेल्डिंग किंवा मशिनिंग उत्तम करू शकतो. त्याच्यासाठी धोक्याच्या भोंग्यासोबत लुकलुकणारा दिवा लावावा लागतो आणि सिद्धान्ताच्या तासाला सांकेतिक भाषा जाणणारा दुभाषी लागतो. दिवा बसवणे सोपे आहे. दुभाषी मिळणे अवघड आहे, आणि अडचण बहुतेक वेळा तिथेच येते.

पुढच्या वर्षांसाठी केंद्राने मोठी तरतूद केली आहे. ४ ऑक्टोबर २०२५ रोजी सुरू झालेल्या पीएम-सेतू योजनेत ६०,००० कोटी रुपये खर्चून देशातल्या १,००० शासकीय आयटीआय सुधारायच्या आहेत. २०० संस्था केंद्रस्थानी आणि ८०० त्यांना जोडलेल्या, अशी रचना आहे आणि खर्चात व कारभारात उद्योगांचा वाटा अपेक्षित आहे. नव्या यंत्रांची गरज आहेच. पण या पट्ट्याचा अनुभव सांगतो की यंत्र दोन वर्षांत विकत घेता येते, शिल्पनिदेशक घडायला दहा वर्षे लागतात. निदेशकांच्या रिकाम्या जागा भरणे, कंत्राटी निदेशकांना कायम करणे आणि दर काही वर्षांनी त्यांना महिनाभर कारखान्यात पाठवणे, यावर पैसा गेला तर तो सत्कारणी लागेल.

मोठ्या कारखान्यांवर कायद्याचे बंधन आहे. भोसरी-तळवड्याच्या लहान शेडमालकांवर ते नाही. पण चार माणसे कामाला असलेले वर्कशॉपही स्वेच्छेने शिकाऊ उमेदवार घेऊ शकते. नोंदणी केंद्र सरकारच्या पोर्टलवर ऑनलाइन होते आणि विद्यावेतनाचा काही भाग सरकार थेट उमेदवाराच्या खात्यात भरते. लहान वर्कशॉपमध्ये मुलाला लेथ, मिलिंग, ग्राइंडिंग सगळे हाताळायला मिळते, जे मोठ्या कारखान्याच्या लाइनवर क्वचितच मिळते. सेटर मिळत नाहीत ही या मालकांची नित्याची तक्रार आहे. त्यांनी येत्या ऑगस्टमध्ये जवळच्या आयटीआयच्या प्राचार्यांना भेटावे आणि एका मुलाला किंवा मुलीला वर्षभरासाठी आपल्या शेडमध्ये जागा द्यावी.